माँटगोमेरीचा बहिष्कार व मार्टिन ल्यूथर किंग यांचें कर्तृत्व : अस्सल कागदांच्या आधारें एक विचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अलाबामा संस्थानाची राजधानी जें माँटगोमेरी शहर, तेथील कृष्णवर्णीय लोकांनीं डिसेंबर १९५५ पासून डिसेंबर १९५६ पर्यंत शहरच्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला. त्याची हकीकत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चरित्राच्या अनुषंगानें मराठी वाचकांस बहुतेक माहीत आहे. ती सामान्यतः अशी सांगितली जाते: रोझा पार्क्स नांवाची शिवणकाम करणारी एक थकलेली बाई गोऱ्या उतारूसाठीं आपल्या जागेवरून उठली नाहीं, तिला अटक झाली, तेव्हां किंग या तरुण धर्मोपदेशकानें लोकांस हाक दिली, आणि लोक ३८१ दिवस पायीं चालले. या हकीकतींत निव्वळ खोटें असें थोडेंच आहे. परंतु कागद तारीखवार लावले म्हणजे तिच्यांतील क्रम बदलतो. कांहीं नांवें मागें सरतात, व जीं कोठेंच नव्हतीं अशीं कांहीं पुढें येतात. हा क्रम नीट लावून, त्या लढ्यांत किंग यांचा स्वतःचा वाटा कोणता, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें कर्तव्य आहे. त्यांचें माहात्म्य कमी करावें असा हेतु मुळींच नाहीं. जें त्यांचें नव्हे तें बाजूस काढल्याशिवाय जें त्यांचें आहे तें स्पष्ट दिसत नाहीं, म्हणून हा खटाटोप.

१. साधनांचा विचार

या प्रकरणाचीं साधनें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार त्या त्या वेळीं लिहिलेल्या कागदांचा: नगराध्यक्षास पाठविलेलीं पत्रें, हस्तपत्रकें, सभांचीं टिपणें, पोलिसांचे अहवाल, न्यायालयांतील जबान्या व निकाल, वृत्तपत्रांतील बातम्या. दुसरा प्रकार बाहेरून पाहण्यास आलेल्या लोकांच्या टिपणांचा. फिस्क विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ प्रेस्टन व्हॅलिअन यांनीं १९५६ च्या आरंभीं कांहीं संशोधक माँटगोमेरीस धाडले होते. सभेंत कोण काय बोललें, मोलमजुरी करणाऱ्या बायका काय म्हणत होत्या, हें त्यांनीं ताजें ताजें टिपून ठेविलें. तिसरा प्रकार मागाहून लिहिलेल्या आठवणींचा. किंग यांचें ‘स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम’ हें पुस्तक १९५८ सालचें आहे, व जो ॲन रॉबिन्सन यांच्या आठवणी १९८७ सालच्या. आपल्याकडे पत्र व बखर यांत जो भेद करतात तोच येथें करावयाचा. बखर टाकावयाची नाहीं. पण तारखेचा वाद पडला तर पत्राचें म्हणणें आधीं ऐकावयाचें. या नियमासहि एक अपवाद पुढें येणार आहे.

किंग यांच्या दप्तराची हकीकत संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९६४ सालीं त्यांनीं आपले बरेचसे कागद बोस्टन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. पुढें ते परत मिळावे म्हणून त्यांच्या पत्नीनें दावा लावला. त्यांत १९९३ मध्यें ज्यूरीनें विद्यापीठाच्या बाजूनें मत दिलें व १९९५ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयानें तेंच कायम केलें. कुटुंबाकडे राहिलेला सुमारें १०,००० कागदांचा संग्रह २००६ सालीं लिलावास निघाला असतां अटलांटा येथील नागरिकांनीं सुमारें ३ कोटि २० लाख डॉलर्सना तो आधींच विकत घेतला व मोअरहाउस महाविद्यालयास दिला. याप्रमाणें दप्तर दोन ठिकाणीं फुटलें. परंतु स्टॅनफर्ड विद्यापीठांत क्लेबोर्न कार्सन यांनीं १९८५ पासून चालविलेल्या प्रकाशनामुळें तें छापील रूपानें पुनः एकत्र येऊं लागलें. बहिष्काराच्या वर्षाचे कागद या मालेच्या तिसऱ्या खंडांत १९९७ सालीं प्रसिद्ध झाले.

२. वादाचें मूळ : बसमधील बैठक

बसमध्यें ३६ उतारूंची सोय असे. त्यांपैकीं पुढच्या १० जागा गोऱ्यांसाठीं राखलेल्या. गोरा उतारू एकहि नसला तरी त्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागत, व कृष्णवर्णीय उतारू त्या रिकाम्या जागांपाशीं दाटीनें उभे राहत. मागच्या जागा कृष्णवर्णीयांच्या. मधल्या जागांचा निर्णय चालकाच्या मर्जीवर असे, आणि नगरनियमानें चालकास या कामीं पोलिसाचे अधिकार दिले होते. पुढच्या दारानें चढून भाडें द्यावयाचें, मग खालीं उतरून मागच्या दारानें आंत शिरावयाचें, अशीहि वहिवाट होती. मधल्या मध्यें बस निघून गेल्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत. एका रांगेंत गोरा व कृष्णवर्णीय असे दोघे बसूं शकत नसल्यामुळें, एका गोऱ्यास जागा हवी असली कीं रांगेंतील चौघांस उठावें लागे. १ डिसेंबर १९५५ रोजीं घडलें तें हेंच. चालकानें चौघांस उठण्यास सांगितलें, तिघे उठले, पार्क्सबाई उठल्या नाहींत. त्या राखीव जागेवर बसल्या होत्या हा समज चुकीचा आहे. त्यांची जागा मधल्या भागांतील होती.

३. २१ मे १९५४ चें पत्र

या वादांतील सर्वांत महत्त्वाचा कागद या प्रसंगाच्या दीड वर्ष आधींचा आहे. शहरांतील कृष्णवर्णीय महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणाऱ्या मेरी फेअर बर्क्स यांनीं १९४६ सालीं स्त्रियांची एक राजकीय परिषद स्थापिली होती. १९५० पासून तिच्या अध्यक्ष जो ॲन रॉबिन्सन या होत्या. त्याहि तेथेंच इंग्रजीच्या अध्यापिका. १९४९ सालीं जवळ जवळ रिकाम्या बसमध्यें पुढें बसल्याबद्दल चालकानें त्यांच्यावर आरडाओरड केली होती. बसभाड्याच्या वाढीचा विचार चालला असतां मार्च १९५४ मध्यें परिषदेच्या प्रतिनिधींनीं नगराधिकाऱ्यांपुढें गाऱ्हाणें मांडलें, व त्याचा पाठपुरावा म्हणून २१ मे रोजीं रॉबिन्सनबाईंनीं नगराध्यक्ष गेल यांस पत्र लिहिलें.

पत्राची भाषा अत्यंत सौम्य आहे. त्यांतील मागण्या तीन: कृष्णवर्णीयांनीं मागून पुढें व गोऱ्यांनीं पुढून मागें, याप्रमाणें जागा भरत जाव्या, पुढें भाडें देऊन मागच्या दारानें चढण्याची सक्ति नसावी, कृष्णवर्णीयांच्या वस्तींतहि गोऱ्यांच्या वस्तीप्रमाणें प्रत्येक कोपऱ्यावर बस थांबावी. यापुढें सहज सांगितल्यासारखा हिशेब येतो कीं, उतारूंपैकीं तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय आहेत, व त्यांनीं चढणें सोडलें तर बसगाड्या चालणार नाहींत. आणि मग सूचना: शहरांतील पंचवीस किंवा अधिक संस्थांत बहिष्काराचें बोलणें चाललें आहे.

तारखा जुळवून पाहूं. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ चा. पत्र त्यानंतर चारच दिवसांचें. किंग यांनीं डेक्स्टर ॲव्हेन्यूवरील चर्चचें आमंत्रण एप्रिलमध्यें स्वीकारलें होतें. पण ते माँटगोमेरीस कायमचे राहावयास आले ते सप्टेंबर १९५४ मध्यें, व तोंपर्यंत बोस्टन येथें प्रबंधाच्या कामांत होते. अर्थात् बहिष्काराची कल्पना, तिचा आर्थिक हिशेब व मागण्यांचा पहिला मसुदा हीं तिन्ही किंग यांच्या आगमनापूर्वींचीं आहेत, याविषयीं या कागदानंतर शंका राहत नाहीं.

४. बिनसहीचें पत्रक

दुसरा कागद हस्तपत्रकाचा. पार्क्सबाईंस १ डिसेंबरच्या सायंकाळीं अटक झाली, त्याच रात्रीं तें तयार झालें. सोमवारीं, म्हणजे ५ डिसेंबर रोजीं, कामाला, शाळेला किंवा बाजाराला कोणीहि बसनें जाऊं नये, एवढीच त्यांत विनंती आहे. या पत्रकावर कोणाची सही नाहीं, संस्थेचें नांव नाहीं. अटक झालेल्या बाईचें नांवहि नाहीं. आणखी एका बाईस अटक झाली, एवढेंच म्हटलें आहे. नांव आहे तें क्लॉडेट कोल्व्हिन हिचें. ही १५ वर्षांची मुलगी २ मार्च १९५५ रोजीं याच कारणासाठीं पकडली गेली होती, आणि तिच्या प्रकरणानंतर असें पुनः घडल्याची आठवण पत्रक करून देतें. यावरून १ डिसेंबरच्या रात्रीं माँटगोमेरीच्या लोकांस खूण पटविण्यास कोल्व्हिन हें नांव पुरेसें होतें, पार्क्स हें नांव अजून नव्हतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पत्रकाचा कर्ता कोण? रॉबिन्सनबाईंच्या आठवणी प्रसिद्ध होण्यापूर्वींहि अंतर्गत पुराव्यावरून हें सांगतां आलें असतें. उतारूंपैकीं तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय आहेत, ते न चढतील तर गाड्या चालणार नाहींत, हा २१ मेच्या पत्रांतील युक्तिवाद त्याच अपूर्णांकासह व त्याच जोडणीनें पत्रकांत आला आहे. दोन्ही कागदांचा हात एक आहे. आठवणींनीं या अनुमानास पुष्टि दिली: महाविद्यालयाच्या वाणिज्य विभागाचे प्रमुख जॉन कॅनन व दोन विद्यार्थी यांच्या साह्यानें रॉबिन्सनबाईंनीं रात्रभर महाविद्यालयाच्याच सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रकें काढलीं. एका तावावर मजकूर तीन वेळां घेऊन मग ताव कापले. संख्या त्यांनीं ५२,५०० दिली आहे. इतरत्र ३५,००० असाहि आकडा आढळतो. पहिला आकडा खरा धरल्यास १७,५०० ताव लागले असले पाहिजेत.

सही कां नाहीं, याचा उलगडाहि यांतच आहे. महाविद्यालय संस्थान सरकारचें, कागद व यंत्र सरकारी, आणि लिहिणारी सरकारी नोकर. महाविद्यालयाचे अध्यक्ष ट्रेनहोम यांस ही गोष्ट कळली तेव्हां कागदाचे पैसे भरून देण्याचें रॉबिन्सनबाईंनीं कबूल केलें. १९६० सालीं त्यांना तें महाविद्यालय सोडावें लागलें. नांव झांकलें गेलें तें कोणी चोरल्यामुळें नव्हे. तें नसणें हीच त्या रात्रीं कामाची अट होती. परंतु परिणाम एकच झाला. पत्रक घरोघर गेलें, पत्रकाची लेखिका तीस वर्षें इतिहासांत आली नाहीं.

५. नेत्याची निवड व मागण्या

५ डिसेंबरच्या सकाळीं बसगाड्या जवळ जवळ रिकाम्या धांवल्या. त्याच दिवशीं पार्क्सबाईंस १० डॉलर दंड व ४ डॉलर खर्च अशी शिक्षा झाली. दुपारीं पुढाऱ्यांची बैठक भरली. तिचें टिपण चिटणीस यू. जे. फील्ड्स यांनीं लिहिलेलें उपलब्ध आहे. माँटगोमेरी सुधारणा संघ या नांवाची संस्था तेथें निघाली, रूफस लुइस यांनीं किंग यांचें नांव सुचविलें, व २६ वर्षांचे किंग अध्यक्ष झाले. शहरांत ते नवखे होते. जुन्या तटांपैकीं कोणत्याहि तटाचे नव्हते. हें त्यांच्या निवडीचें एक कारण मानतात. थोड्याच दिवसांपूर्वीं कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संस्थेच्या स्थानिक शाखेचें अध्यक्षपद त्यांनीं नाकारलें होतें. तेव्हां पुढारीपण त्यांनीं शोधलें असें म्हणतां येत नाहीं.

रात्रीं होल्ट स्ट्रीटवरील चर्चमध्यें हजारों लोक जमले. तयारीस सुमारें वीस मिनिटें मिळालीं, असें किंग सांगतात. त्यांचें भाषण यंत्रावर मुद्रित झालें असल्यामुळें त्याच्या पाठाविषयीं वाद नाहीं. एक दिवसाचा बहिष्कार पुढें चालविण्याचा ठराव या सभेनें केला.

आतां मागण्या पाहाव्या. चालकांनीं सभ्यपणें वागावें. कृष्णवर्णीयांनीं मागून व गोऱ्यांनीं पुढून, येईल त्या क्रमानें बसावें. ज्या मार्गांवर कृष्णवर्णीय उतारू अधिक तेथें कृष्णवर्णीय चालक नेमावे. म्हणजे दुसरी मागणी १९५४ च्या पत्रांतील पहिलीच होय. वर्णविभाजन साफ नाहींसें करा अशी मागणी यांत नाहीं. विभाजन मान्य धरून त्याची जांचणूक कमी करावी एवढेंच मागणें आहे. पुढें जो सर्वव्यापी लढा उभा राहिला त्याचा आरंभ इतक्या माफक मागणीनें झाला, आणि ही माफक मागणीहि नगराधिकाऱ्यांनीं नाकारली, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

६. नेत्याचें काम

एवढें वजा केल्यावर किंग यांच्याकडे काय उरतें? एक दिवसाची गोष्ट वर्षभर टिकवून धरणें हें उरतें, आणि तें थोडें नव्हे. पन्नास हजारांच्या आसपास माणसें रोज कामावर पोंचविणें हें मुख्यतः व्यवस्थेचें काम होतें. १९५३ सालीं लुइझियाना संस्थानांतील बॅटन रूज येथें असाच एक अल्पकाळचा बहिष्कार झाला होता. तेथील जेमिसन यांच्याकडून किंग यांनीं माहिती मागविली व सुमारें ३०० खासगी मोटारींचा ताफा उभा राहिला. जॉर्जिया गिल्मोर या बाईनें व तिच्या मैत्रिणींनीं घरीं केलेले पदार्थ विकून मोटारींच्या खर्चास पैसे पुरविले. दर सोमवारीं व गुरुवारीं वेगवेगळ्या चर्चमध्यें सभा होत.

जानेवारींतील एक प्रसंग साधनांच्या दृष्टीनेंहि बोधप्रद आहे. २२ जानेवारी १९५६ च्या रविवारच्या ‘माँटगोमेरी ॲडव्हर्टायझर’ पत्रांत तडजोड होऊन बहिष्कार संपल्याची बातमी छापून आली. ती खरी नव्हती. संघाच्या कोणाहि प्रतिनिधीनें तशी तडजोड केली नव्हती. बातमी येणार हें आदल्या रात्रीं कार्ल रोवन या पत्रकाराकडून किंग यांस कळलें. त्यांनीं व सहकाऱ्यांनीं त्याच रात्रीं धर्मोपदेशकांस निरोप धाडले व स्वतः रात्रीं उघड्या असणाऱ्या क्लबांतून फिरून लोकांस सावध केलें. बहिष्कार मोडला नाहीं. केवळ त्या दिवसाचा छापील कागद हातीं असणाऱ्या संशोधकास बहिष्कार २२ तारखेस संपला असें वाटेल. समकालीन म्हणून कागद खरा, या आपल्या नियमास हा अपवाद.

३० जानेवारीच्या रात्रीं किंग सभेंत असतां त्यांच्या घराच्या ओसरीवर बाँब फुटला. पत्नी व दहा आठवड्यांची मुलगी आंत होती, दोघी बचावल्या. संतापलेला जमाव, कित्येकांच्या हातीं शस्त्रें, असें दृश्य होतें. किंग यांनीं ओसरीवर उभें राहून शस्त्रें घरीं नेण्यास व शत्रूवरहि प्रेम करण्यास सांगितलें, आणि लोक परतले. हा प्रसंग केवळ भक्तांनीं रचलेला नव्हे. दुसऱ्या दिवशींच्या ‘ॲडव्हर्टायझर’मध्यें ज्यो ॲझबेल या गोऱ्या बातमीदारानें तो दिला आहे. त्याबरोबर हेंहि नमूद केलें पाहिजे कीं, या हल्ल्यानंतर किंग यांनीं पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठीं अर्ज केला होता व तो नामंजूर झाला. अहिंसेचा विचार त्यांच्या मनांत त्या वेळीं अजून घडत होता.

यासंबंधीं गांधीजींचें नांव येतें. किंग यांनीं विद्यार्थिदशेंत गांधीजींविषयीं वाचलें होतें. पण ५ डिसेंबरच्या भाषणांत आधार आहे तो ख्रिस्ती प्रेमाचा व अमेरिकन लोकशाहीचा. बहिष्काराची तुलना दांडीच्या यात्रेशीं करणारें १२ डिसेंबर १९५५ चें पत्र ‘ॲडव्हर्टायझर’मध्यें आलें, तें ज्युलिएट मॉर्गन या तेथील गोऱ्या ग्रंथपाल बाईचें. अशा पत्रांबद्दल तिला आपल्याच समाजाकडून फार छळ सोसावा लागला. १९५७ मध्यें ती वारली. बेयर्ड रस्टिन व ग्लेन स्मायली हे गांधीमार्गाचे अभ्यासक माँटगोमेरीस आले ते फेब्रुवारी १९५६ व त्यानंतर. पुढें १९५९ सालीं किंग हिंदुस्थानांत आले, तेव्हां मुंबईस गांवदेवींतील मणिभवनांत राहिले. गांधीविचार किंग यांनीं तयार स्वरूपांत आणून लोकांस दिला असें नसून, लोकांचें आचरण आधीं, त्यास नांव मागून, असा क्रम कागदांवरून दिसतो.

७. दोन खटले

२१ फेब्रुवारी १९५६ रोजीं ग्रँड ज्यूरीनें १९२१ च्या एका कायद्याखालीं ८९ जणांवर आरोप ठेविले. किंग त्या वेळीं परगांवीं होते. २३ तारखेस ते येऊन हजर झाले. प्रत्यक्ष खटला चालला तो एकट्या किंग यांच्यावर, १९ ते २२ मार्च. निकाल ५०० डॉलर दंड व ५०० डॉलर खर्च, नाहींतर ३८६ दिवस कैद. परंतु या खटल्याचें खरें महत्त्व बचावाच्या साक्षींत आहे. एकामागून एक बायकांनीं बसमधील वर्षानुवर्षांचा अनुभव शपथेवर सांगितला. १९५० सालीं बसच्या भांडणांत आपल्या पतीस पोलिसानें गोळी घातल्याचें एका विधवेनें सांगितलें. एरवीं जी कोणी लिहून घेतली नसती ती हकीकत, किंग यांस शिक्षा देण्याच्या भरांत, सरकारी लघुलेखकाच्या हातून कागदावर उतरली.

दुसरा खटला दिवाणी, व निर्णायक. तो फ्रेड ग्रे या तरुण कृष्णवर्णीय वकिलानें १ फेब्रुवारी १९५६ रोजीं संयुक्त संस्थानांच्या न्यायालयांत लावला. वादी पांच स्त्रिया. दडपणामुळें एकीनें माघार घेतली, तेव्हां उरल्या चार: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनल्ड, मेरी लुइझ स्मिथ व क्लॉडेट कोल्व्हिन. पार्क्सबाईंचें अपील संस्थानच्या न्यायालयांत अडकलेलें असल्यामुळें त्यांस मुद्दाम वगळलें. पहिल्या मागण्यांत नसलेली गोष्ट येथें प्रथम मागितली: विभाजनाचा कायदाच रद्द करावा. ५ जून रोजीं तीन न्यायाधीशांपैकीं राइव्ह्ज व जॉन्सन या दोघांनीं तो घटनाविरुद्ध ठरविला. लिन यांनीं भिन्न मत दिलें. १३ नोव्हेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल कायम केला. त्या दिवशीं किंग माँटगोमेरीच्या न्यायालयांत बसले होते. मोटारींचा ताफा बंद करण्याचा नगराधिकाऱ्यांचा अर्ज सुनावणीस होता. सुनावणी थांबली असतां एका बातमीदारानें त्यांच्या हातीं कागदाचा तुकडा दिला. त्यावर ही बातमी होती. हुकूम शहरांत पोंचला २० डिसेंबरला, व दुसऱ्या दिवशीं लोक पुनः बसमध्यें चढले.

या निकालाच्या मथळ्यावर किंग यांचें नांव नाहीं, पार्क्स यांचेंहि नाहीं. तो ब्राउडर विरुद्ध गेल या नांवानें ओळखला जातो. ११ मेच्या सुनावणींत नगरपालिकेच्या वकिलानें कोल्व्हिन हिला, तुमचा पुढारी कोण, अशा आशयाचा प्रश्न केला. बहिष्कार किंग यांनीं चिथावणी देऊन घडविला असें तिच्या तोंडून वदवून घ्यावयाचें होतें. आमचे पुढारी आम्हीच, असें तिनें सांगितलें. आमच्या प्रश्नास इतकें सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्याहि कागदांत नाहीं, आणि तें शपथेवर दिलेलें आहे. या मुलीच्या १९५५ च्या खटल्यांत विभाजनाचा आरोप अपिलांत गळून केवळ पोलिसावर हात टाकल्याचा आरोप उरला होता. ती दोषाची नोंद पुसण्याचा न्यायालयीन हुकूम झाला २०२१ सालीं.

८. चित्रें व वस्तु यांची तिथिनिश्चिति

संग्राहकांसाठीं दोन दुरुस्त्या. पार्क्सबाईंचें ७०५३ क्रमांकाची पाटी धरलेलें चित्र व अधिकारी त्यांच्या बोटांचे ठसे घेत आहे तें चित्र, हीं दोन्ही १ डिसेंबर १९५५ चीं म्हणून छापतात. तीं २२ फेब्रुवारी १९५६ चीं, म्हणजे बहिष्काराच्या खटल्यांतील अटकेच्या वेळचीं आहेत. तसेंच, त्या बसमध्यें खिडकींतून पाहत बसल्या आहेत व मागें एक गोरा गृहस्थ आहे, हें चित्र २१ डिसेंबर १९५६ रोजीं, विजयानंतर, मुद्दाम घेतलेलें आहे. तो गृहस्थ उतारू नसून वृत्तसंस्थेचा बातमीदार होता.

किंग यांचें ७०८९ क्रमांकाचें चित्र पोलिसांच्या वहींत २००४ सालीं सांपडलें. त्यावर कोणीतरी मागाहून ‘मृत’ असा शेरा व ४ एप्रिल १९६८ ही त्यांच्या हत्येची तारीख लिहिली आहे. आणि मूळ बस? ती २००१ सालीं हेन्री फोर्ड संग्रहालयानें ४,९२,००० डॉलर्सना घेतली. तिचा क्रमांक २८५७ हाच खरा, हें ठरलें बस आगारांतील एका कर्मचाऱ्यानें जपलेल्या कात्रणवहीवरून. बातमीशेजारीं त्यानें बसचा क्रमांक व चालकाचें आडनांव हातानें लिहून ठेविलें होतें. समासांतील चार अक्षरांची किंमत किती होऊं शकते, हें या मंडळींस सांगावयास नको.

९. निष्कर्ष

वरील विचाराचें तात्पर्य असें. बहिष्काराची कल्पना, हिशेब, मागणीचा मसुदा व पहिली हाक हीं रॉबिन्सनबाई व त्यांच्या परिषदेचीं. कायदेशीर विजय ग्रे व चार वादी स्त्रियांचा. चालणें हजारों अनामिकांचें. किंग यांचें स्वतःचें म्हणून राहतें तें असें: दुसऱ्यांनीं पेटविलेलें काम हातीं घेऊन तें विझूं न देणें, बाँबच्या रात्रीं जमावाचा हात आवरणें, आणि सरकारला एकच माणूस शिक्षेस हवा होता तेव्हां तो माणूस होणें. आपण हा लढा सुरू केला नाहीं, सुचविलाहि नाहीं, लोकांना बोलणारा हवा होता म्हणून हाकेस ओ दिली, असें त्यांनीं १९५८ च्या पुस्तकांत स्वतःच लिहिलें आहे. म्हणजे या ठिकाणीं बखर व पत्र यांचा मेळ बसतो; मेळ बसत नाहीं तो मागाहून रूढ झालेल्या कथेशीं.

शेवटीं एक विनंती. माँटगोमेरीच्या प्रकरणाचा उलगडा झाला तो एक टंकलिखित पत्र, तिसऱ्या हिश्शानें कापलेला सायक्लोस्टाइलचा ताव व एक कात्रणवही यांवर. आपल्याकडेहि गेल्या शतकांतील चळवळींचीं अशीं बिनसहीचीं पत्रकें, वर्गणीचे पावतीबुक, सभांचीं हातांनीं लिहिलेलीं टिपणें घरोघर पडून आहेत. मोडी रुमालांचा शोध घेत फिरणारे आपण तीं पाहतों व बाजूस सारतों, कारण त्यांवर शिक्का नाहीं व नांव नाहीं. तीं जपून, मिळाल्याचें ठिकाण व तारीख लिहून ठेवावीं. त्यांतील एखादें एखाद्या रॉबिन्सनबाईंचें असूं शकेल.